पाइपावरची ऊब

भंडारा-अड्याळ-पवनी ही गाडी मी इतकी वर्षं केली की कोणत्या वळणाला कोणत्या पायावर भार द्यायचा हे माझ्या पायांनाच ठाऊक झालं होतं. कंडक्टरला बसायला सीट असते म्हणतात. असते, पण तिच्यावर कायम कोणाची तरी म्हातारी नाहीतर कोणाचं तरी गाठोडं बसलेलं असतं. त्यामुळे माझी सगळी नोकरी उभ्याने, दांडा धरून झाली. ड्रायव्हर जागेश्वरभाऊंनी ब्रेक मारला की एका हातात तिकिटाचं मशीन सांभाळत मी त्या दांड्याभोवती अख्खी गिरकी घ्यायची आणि पुढच्या माणसाला विचारायची, "कुठे उतरता?"

मग एका ऑगस्टात अड्याळच्या अलीकडे म्हैस आडवी आली. मी नेमकी दारापाशी होते. पायरीवर पाठीवर पडले, मणक्याला चीर गेली आणि पाठीने जो संप पुकारला तो मागे घेईना. वाकणं बंद झालं. चप्पल घालून द्यायला नवरा लागे. डेपोने मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. दिवसभर लोक विचारायचे, पवनीची गाडी किती वाजता? ज्या गाडीत मी असायला हवं, तिची वेळ मी खुर्चीत बसून सांगायची. कधीकधी गाडी सुटताना मला सरळ रडू यायचं.

फेब्रुवारीत मेडिकल होती. तिथे वाकून दाखवलं तर गाडी, नाहीतर निवृत्तीपर्यंत खिडकी. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, हाड जुळलंय, आता अंग मोकळं करणं तुमच्या हाती आहे.

त्याच दिवसांत मोबाइलवर ती बाई दिसली. कुठल्याशा परक्या देशातली. घरातल्या घरात एक उभा पाइप लावलेला, आणि ती त्याच्याभोवती फिरतेय, वर चढतेय, उलटी लटकतेय. खाली लिहिलं होतं, 'पोल डान्स घरी शिका'. मी म्हटलं, यातलं निम्मं तर मी रोज करत होते, तेही सुट्टे पैसे मोजत. फिजिओथेरपिस्ट आधी हसला. मग म्हणाला, नुसतं लटकण्यापासून सुरू करा, उड्या मारू नका.

माझा नवरा प्रफुल्ल वरठीच्या कारखान्यात फिटर आहे. त्याला काम सांगितलं की तो कारण विचारत नाही, माप विचारतो. त्याने भंगारवाल्याकडून स्टीलचा गुळगुळीत पाइप आणला, खाली जॅक बसवला, वर रबराची चकती लावली आणि मधल्या खोलीत फरशी आणि स्लॅबच्या मध्ये तो असा ताणून उभा केला की मी लोंबकळले तरी हलला नाही. ओळंबा सोडून बघितला. केसाचाही फरक नव्हता.

"घरात खांब कायले?" सासूबाईंनी विचारलं. "स्लॅब पडून राहिला का?"

"करुणाची पाठ सरळ कराची हाय," प्रफुल्ल म्हणाला.

कातडी पाइपाला चिकटली तरच माणूस टिकतो, म्हणून मला प्रफुल्लची हाफपँट घालावी लागे. शेजारणीने त्यावर तोंड वाकडं केलं, तर सासूबाई तिच्यावरच उखडल्या. "धानाच्या रोवण्याले आमी मांडीवर लुगडं खोसत होतो. थे चालते, मंग हे काहून नाई?" सासूबाईंसमोर त्यानंतर कोणी बोललं नाही.

मी पहाटे, कारखान्याचा भोंगा होण्याआधी सराव करायची. डब्याला टेकवून मोबाइल ठेवायचा, पाइप स्पिरिटने पुसायचा, आधी मांड्या आणि कंबर ताणायची, मग लटकायचं. डिसेंबर लागला होता आणि वरठीत थंडी अशी की पाइपाला हात लावला तर हाडापर्यंत झिणझिण्या जायच्या. मांड्यांवर काळेनिळे डाग पडले. पहिली साधी गिरकीही जमत नव्हती. दोन पावलं चालायचं, पाय उचलायचे आणि गोल फिरत खाली यायचं, एवढंच. मी दर वेळी पोत्यासारखी खाली यायची.

एके दिवशी मी हात वर टाकला आणि एका जागी पाइप कोमट लागला.

बर्फासारख्या पाइपावर, माझ्या डोक्याच्या वर, हाताच्या रुंदीएवढी कोमट जागा. वर थंड, खाली थंड. मी ती लगेच ओळखली. गर्दीच्या गाडीत एखादा माणूस उतरतो, त्याच्या जागी आपण दांडा धरतो, तेव्हा अशीच ऊब लागते. क्षणभरच असते. इतकी वर्षं हजारो माणसांची ती ऊब माझ्या तळव्याने घेतली आहे, त्यात चूक होणं शक्य नाही. कोणीतरी आत्ताच हात काढला होता.

मी तिथेच धरून पाय उचलले. गिरकी पूर्ण झाली. मांजरासारखी अलगद खाली आले.

आमच्या घरी भूतबित चालत नाही. माझ्या वडिलांनी तर अमावास्येला मुद्दाम घर बदललं होतं. म्हणून मी आधी कारणं शोधली. झरोका पश्चिमेला, तिथून पहाटे ऊन येणार नाही. गिझर आमच्याकडे नाही. प्रफुल्लला बोलावलं. त्याने हात लावला, भुवया वर केल्या, टेस्टर आणून लावला.

"करंट नाई," तो म्हणाला.

"मंग?"

"पाह्यतो." त्याने टेस्टर खिशात टाकला. कामावर जाताना मात्र दारातून परत वळला. "जपून करजो," एवढं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊब वेगळ्या जागी होती. दोन ठिकाणी, एक वर, एक कमरेशी. मी दोन्ही हात तिथे ठेवले तेव्हा शरीराने पुढचं आपोआप केलं. तिसऱ्यांदा ती गुडघ्यामागच्या खळीत बसेल अशी आली. मोबाइलवरची बाई मागे पडली. तिची भाषा मला कळत नव्हती, ही कळत होती. एकदा हट्टाने मी माझ्याच मनाची जागा धरली आणि दाणकन आपटले. तेव्हापासून मी आधी पाइप चाचपायची, मगच चढायची.

आणि पाठ सुटत गेली. हे लिहिताना आजही आनंद होतो. आधी बोटं गुडघ्यापर्यंत, मग नडगीपर्यंत गेली. एके दिवशी अंगणात मी स्वतः वाकून चपलेचा पट्टा लावला आणि सासूबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

त्यांनाच मी एकदा पहाटे आत नेलं. त्यांनी वरची ऊब चाचपली, खालची चाचपली. मग माझा हात उचलून वरच्या जागेवर ठेवला, दुसरा खालच्या जागेवर ठेवला, आणि माझ्या पसरलेल्या हातांकडे पाहत राहिल्या.

"तुह्याच मापाचं हाय वं," त्या म्हणाल्या. "पण तू तर आत्ताच झोपीतून उठली."

जानेवारीत एकदा मला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. मधल्या खोलीत गेले. दिवा लावण्याआधी पाइपावर हात ठेवला.

पाइप थरथरत होता. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीसारखा, बारीक.

मी दिवा लावला. थरथर थांबली.

हाताला ओल लागली होती. दव असेल म्हटलं. बंद खोलीत दव.

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण मेडिकल जवळ आली होती, आणि उलटं लटकणं तेवढं उरलं होतं. डोकं खाली, पाय वर. पाठ पूर्ण उघडल्याशिवाय ते जमत नाही. मी ओल पुसली. ऊब कुठे आहे ते चाचपलं. हात टाकले, मांड्या उचलल्या, गुडघा अडकवला आणि हात सोडून दिले.

पाठ मणक्या-मणक्याने लांबत गेली. कुठेच कळ आली नाही. खोली उलटी होती, दारात सासूबाई उलट्या उभ्या होत्या, आणि मी मोठमोठ्याने हसत होते.

मेडिकलच्या डॉक्टरांनी सांगितलं, जमेल तितकं वाका. मी तळवे फरशीला टेकवले. त्यांनी नुसतं 'हं' केलं. मग मी सरळ झाले, मागे वाकले, आणि मागच्या बाजूने तळवे फरशीला टेकवले. डॉक्टरांचं पेन खाली पडलं. ते मीच उचलून दिलं, त्याच अवस्थेतून.

"पुरे, पुरे," ते म्हणाले. "बाई, तुम्ही कंडक्टर आहात ना?"

पवनीच्या गाडीत चढले त्या दिवशी जागेश्वरभाऊंनी डेपोतच लांब हॉर्न वाजवला. "मॅडम आल्या! आता ब्रेक माराले मजा येईन," ते म्हणाले. अड्याळच्या बाजारकरणींनी मला वांगी दिली. पुढच्या वळणावर मी दांडा धरून इतकी झकास गिरकी घेतली की मागच्या सीटवरची पोरं ओरडली. मी घंटी वाजवली. एवढं सुख मला कोणत्याच गोष्टीचं झालं नव्हतं.

आता पाइपाचं काम संपलं होतं. धानाची पोती येणार होती, खोली रिकामी पाहिजे होती. प्रफुल्ल म्हणाला, रविवारी काढतो. मी हो म्हटलं.

रविवारी पहाटे शेवटचं म्हणून चढले. ऊब सापडेना. वर सरकत गेले, आणखी वर, पार स्लॅबपर्यंत. डोकं स्लॅबला लागलं तेव्हा ती मिळाली. रबराच्या चकतीला लागून, दोन बोटांएवढीच. बाकी अर्धा पंजा जिथे असायला हवा होता तिथे सिमेंट होतं.

मी खाली उतरले. कोणाला काही सांगितलं नाही. चहा केला.

प्रफुल्लने जॅक सैल केला आणि पाइप अंगणात नेऊन आडवा ठेवला. मी वाळवणाची चादर घेऊन गच्चीवर गेले. ऊन अजून यायचं होतं. सगळी गच्ची दवाने ओली होती. मधल्या खोलीच्या वर, बरोबर जिथे खाली पाइप होता, तिथे ताटलीएवढी जागा कोरडी होती. तिच्याभोवती गोल, पावलांनी घासल्यासारखं, दव पुसलेलं होतं.

चादर मी कठड्यावर टाकली आणि त्या जागेशी उभी राहिले. खाली अंगणात पाइप पडलेला मला दिसत होता. पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी हात वर केला.

डोक्याच्या थोडं वर, रिकाम्या हवेत, हाताच्या रुंदीएवढी जागा कोमट होती.

"करुणा," प्रफुल्लने खालून हाक मारली, "पाइप उचलाले हात लाव ना. काय करून राहिली वर?"

"आली," मी म्हणाले.

मूठ मिटून पाहिली. बोटं तळव्याला टेकली नाहीत. मध्येच कशाला तरी अडली.

मी दुसरा हात पहिल्याच्या वर ठेवला. तीही मूठ पुरती मिटली नाही. मग मी चपला काढल्या.