मधले चार हजार किलोमीटर

धाकट्या बहिणीचं अपेंडिक्स फुटलं, असा तिच्या शाळेतून फोन आला तेव्हा मी कामावर होते. दातांच्या कवळ्या बनवते मी. हातातली कवळी तशीच टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान पकडलं. मधे चार हजार किलोमीटर, बहुतेक समुद्रच. सहा तास. ती तिकडे शिकवते, एकटीच राहते. ऑपरेशनला जवळ कोणी नव्हतं.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यातलं इवलंसं विमान जागचं हलायला तयार नाही. माझा सगळा जीव तिकडे लागलेला. मग कधीतरी डोळा लागला असावा.

शेजारच्या बाई मला गदागदा हलवत होत्या. "अहो, किती हाका मारल्या! हात बघा, बर्फासारखे झालेत तुमचे..."

हातांना फिनेलचा वास येत होता. दोनदा साबण लावला, वास गेला नाही.

विमानतळावरून थेट हॉस्पिटल गाठलं. वॉर्डच्या दारातच नर्स हसली. "झाला चहा? बरं केलंत. सकाळपासून जागच्या उठला नव्हता तुम्ही."

"मी आत्ता येतेय. विमानतळावरून."

तिने माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसू हळूहळू उतरलं. ती बाजूला झाली.

बहीण जागी होती. ताप उतरलेला. कोणीतरी केस विंचरून तिची वेणी घातली होती.

"सहा तास लागतात म्हणतेस," ती म्हणाली, "आणि सकाळी डोळे उघडले तर तू हजर! स्वतःच्या लग्नात तरी वेळेवर आली होतीस का गं?"

मी हसले. आजारी माणसाशी काय वाद घालायचा? खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि दचकून उठले. ते ओलं होतं, गार होतं.

पुढे तिच्या घरी आठवडाभर राहिले. तिला न्हाऊ घातलं, भरवलं, औषधांवरून भांडलेसुद्धा. संध्याकाळी निघताना तिचा चेहरा एवढासा झाला. माझा पाय दारातून निघत नव्हता, पण रजा संपली होती.

सकाळी घरी पोहोचल्यावर लगेच फोन केला.

"छोटे, पोहोचले गं सुखरूप."

"पोहोचलीस? कुठे?"

"घरी. अजून बॅगही उघडली नाही."

पलीकडे नळ बंद झाला. ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"ताई..." ती कुजबुजली. "तू गेलीस आणि थोड्या वेळाने दार वाजलं. विमान चुकलं असेल, म्हणून मी काही विचारलं नाही..."

"ऐक. उठ. शेजाऱ्यांकडे जा."

"उठवत नाही गं. आणि..." तिला रडू येत होतं. "रात्रभर पाय चेपले तिने माझे. मला झोप लागली, ताई. कितीतरी दिवसांनी."

मी फोन कानाशी घट्ट धरला. पावलं ओट्यापासून निघाली, सावकाश खाटेपाशी आली, थांबली.

मग माझ्याच आवाजात कोणीतरी मायेने विचारलं, "कोणाचा फोन आहे गं, छोटे?"