तीन शनिवार

"ह्या गाडीचं सामान आता देवाकडेच मागा, मॅडम," असं म्हणत ठाण्यातल्या त्या दुकानदाराने कापडी पिशवीतला डबा नुसता वरून बघितला आणि परत सरकवला.

निशिगंधाला हे नवीन नव्हतं. दसऱ्यापासून तीन महिने ती हेच ऐकत होती. शब्द बदलायचे, मान हलवायची तऱ्हा तीच. तिने पिशवी उचलली, ओढणी सावरली आणि वळली, तर शेजारी ब्रेकचं सामान घ्यायला उभा असलेला एक जण वाकून तिच्या पिशवीकडेच बघत होता.

"जरा... बघू का?"

"तुम्ही कोण?"

"मयूर घाग. शीळफाट्याला जुन्या इम्पोर्टेड गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे माझं. म्हणजे आपण दुकान म्हणायचं, आहे पत्र्याची शेडच."

बाळंतिणीच्या हातून बाळ घ्यावं तसा त्याने तो डबा दोन्ही हातांनी घेतला. उलटा करून बघितला, खालच्या पिना मोजल्या.

"डिस्ट्रिब्युटर. इंजिनात ठिणगी वाटून देतो तो. गाडी जपानी, चौऱ्याण्णवच्या आसपासची... सिंगापूरहून आलेली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाच पिना आहेत. आपल्याकडे आलेल्या बाकीच्या गाड्यांना सात असतात. शनिवारी हा घेऊन शेडवर या. सॅम्पल समोर असल्याशिवाय मी शोधायला लागत नाही."

"सॅम्पल मी रोज लोकांकडून घेते," निशिगंधा म्हणाली. ती कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. "स्वतः द्यायची वेळ पहिल्यांदाच आली."

"घाबरू नका, सुई टोचणार नाही."

ती हसली. खोटं कशाला सांगू, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच हसली.

गाडी तिच्या वडिलांची. गोपीनाथ भोईर, ठाकुर्लीजवळच्या चोळेगावचे. पोरवयात मिठागरात अनवाणी राबलेला माणूस. जमिनीला भाव आला तेव्हा भाऊबंदांनी बंगले उठवले. ह्यांनी आधी सिंगापूरहून परतलेल्या एका साहेबाची पांढरी गाडी घेतली. तेव्हापासून चैत्रातल्या सप्तमीला एकवीरा आईच्या पालखीला सगळं घर त्याच गाडीतून जायचं, आणि स्टिअरिंगवर गोपीनाथच. कोरोनाची वर्षं सोडली तर एक सप्तमी चुकली नव्हती. गेल्या गणपतीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हट्ट मात्र शाबूत राहिला: सप्तमीला आईकडे जायचं आणि ह्याच गाडीतून जायचं, मागे बसून का होईना. शेवंतीबाईंनी, म्हणजे निशिगंधाच्या आईने, भाड्याच्या गाडीचं नाव काढलं तर हे दोन दिवस जेवले नाहीत.

आणि गाडी दसऱ्यापासून बंद. "मी बसलो... तशी तीपन बसली," गोपीनाथ म्हणायचे. ते ऐकलं की निशिगंधा विषय बदलायची.

का बदलायची, ते मयूरच्या शेडमध्ये उघड झालं. शनिवारी त्याने स्क्रू काढून डब्याचं झाकण उघडलं. आत सगळं हिरवं-पांढरं चढलेलं.

"ह्यात पाणी गेलंय. आणि ओलं असतानाच कुणीतरी किल्ली मारत राहिलंय. आतलं जळून गेलं."

"पावसाचं असेल."

"गाडी पत्र्याखाली असते म्हणालात ना?"

ती पिशवीची घडी घालायला लागली. मयूरने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फडक्याने झाकण पुसलं आणि म्हणाला, "असेल. पावसाचंच असेल."

त्या न बघण्यानेच तिचं बोट धरून तिला बोलतं केलं. दसऱ्याला बाबा गाडीला स्वतः अंघोळ घालायचे. ह्या वर्षी ते खाटेवर, तेव्हा हिने ठरवलं की आपण दुप्पट करू. बॉनेट उघडलं आणि देव्हारा घासावा तशा भक्तिभावाने पाइप लावून सगळं इंजिन धुऊन काढलं. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मग किल्ली फिरवली. गाडी चालवायला तिला येत नव्हती, किल्ली तेवढी फिरवता येत होती... ती तिने दहा वेळा फिरवली.

"बाबा खिडकीतून बघत होते. मी म्हटलं, बॅटरी गेली असेल."

"सांगून टाका त्यांना."

"तुम्हाला सांगायला काय जातंय?"

"तेही खरंच," तो म्हणाला. "मलाही जमलं नसतं."

इथून शनिवार सुरू झाले. दुपारी लॅब सुटली की निशिगंधा शीळफाट्याची बस धरायची. मयूरने एका मोडीत निघालेल्या जर्मन गाडीची पुढची सीट तिच्यासाठी पुसून भिंतीला लावून ठेवली होती. दुसरं कुणी बसायला गेलं की त्याला स्टूल मिळायचं. मयूर दिवा स्टेशनजवळ आईसोबत भाड्याने राहायचा. पहाटे उठून पाण्याचे कॅन भरायचे, मग शेड उघडायची. हात ऑइलने काळे, पण तिला चहाचा ग्लास द्यायच्या आधी दोनदा साबण लावायचा. हे तिने पहिल्याच दिवशी बघितलं होतं आणि बघितलं नसल्यासारखं केलं होतं.

"आजही नाही?"

"आजही नाही. भिवंडीत एक गाडी कापायला आली होती, पण तिला सात पिना. म्हणजे... पुढच्या शनिवारी यावं लागेल."

"वाईट वाटतंय की बरं वाटतंय तुम्हाला?"

"सामानाचं वाईट वाटतंय," तो म्हणाला आणि उगाचच एक चकचकीत हेडलाइट पुन्हा पुसायला घेतला. त्या काचेत तिला त्याचे लाल झालेले कान दिसत होते.

सप्तमीचं मात्र तिने त्याला सांगितलंच नाही. आधी दुकानोदुकानी सांगून झालं होतं. लोक "होईल हो, आई करेल" म्हणायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत. हे एक कारण. दुसरं कारण तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही: तारीख सांगितली असती तर शनिवार मोजके झाले असते.

होळी झाली. गुढीपाडवा झाला. सप्तमी आली आणि डबा काही आला नाही.

त्या दिवशी गोपीनाथांनी पहाटे अंघोळ घालून घेतली, पांढरा सदरा घातला, डोक्यावर टोपी ठेवायला लावली आणि खुर्ची अंगणात गाडीसमोर मांडायला सांगितली. गावातल्या गाड्या झेंडे लावून, ढोल वाजवत निघाल्या. प्रत्येक जण थांबून "चला काका, आमच्यात बसा" म्हणाला. ते मान हलवत राहिले. ऊन फिरलं तशी खुर्ची फिरवावी लागली. संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "टोपी काढ." निशिगंधाने टोपी काढली आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी शनिवारच होता. ती शेडवर गेली ती सवयीने.

"आता सावकाश मिळाला तरी चालेल," सीटवर बसत ती म्हणाली आणि पहिल्यांदा त्याला सगळं सांगितलं. सप्तमी, पालखी, चोवीस वर्षांचा नेम, कालचा दिवस.

मयूर उठला, टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला आणि कागदात गुंडाळलेली वस्तू तिच्यासमोर ठेवली. तिने कागद उलगडला. पाच पिना.

"हा कधी आला?"

"धुळवडीच्या... दुसऱ्या दिवशी."

तिने मनात मोजलं. "तीन शनिवार."

"तीन."

"का?"

"हा दिला की तुम्ही यायच्या बंद होणार." त्याने रिकामा ड्रॉवर बंद केला. "दर शनिवारी ठरवायचो, आज द्यायचा. मग तुम्ही त्या सीटवर बसायचात, चहाचा ग्लास हातात घ्यायचात... आणि मी म्हणायचो, पुढच्या वेळी. मला तारीख माहीत नव्हती, निशिगंधा. पण तुमचे वडील वाट बघतायत एवढं माहीत होतं. ते पुरे होतं."

इतकं गोड तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि इतकं जिव्हारीही कुणाचं काही लागलं नव्हतं. दोन्ही एकदमच झालं म्हणून तिला रडताही येईना.

"माझे बाबा काल दिवसभर टोपी घालून बसले होते," ती म्हणाली. डबा पिशवीत टाकला आणि निघाली. तो मागून आला नाही.

रविवारी सकाळी मात्र हत्यारांची बॅग घेऊन चोळेगावात दारात उभा. निशिगंधाने दार अर्धंच उघडलं.

"आमचा मेकॅनिक बसवेल."

"ठिणगीचं टायमिंग लावायला लागतं, ते त्याला जमेल की नाही माहीत नाही. मी बसवून देतो, मग जातो. पण आधी काकांशी बोलायचंय."

तो आत गेला, गोपीनाथांच्या खाटेसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. आडपडदा नाही, लांबण नाही. सामान कधी आलं, किती दिवस ड्रॉवरमध्ये होतं.

गोपीनाथांनी मान उचलली. "कनाला... ठेवलास?"

"ह्या याव्यात म्हणून," मयूर म्हणाला. शेवंतीबाई पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

खरं तर निशिगंधाला आता बरं वाटायला हवं होतं. चोर आपल्या पायांनी आला, कबूल झाला. पण तिला लाज वाटली, आणि ती स्वतःची. हा परका माणूस एका रात्रीत उठून आला आणि बोलून मोकळा झाला. आपण एका छपराखाली सहा महिने ह्यांना औषध देतोय, पाय चेपतोय, आणि ते वाक्य रोज कानांनी ऐकतोय.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी तुमच्यामुळे नाही बसली. मी दसऱ्याला इंजिनावर पाणी मारलं. मी बिघडवली. तुम्ही म्हणायचात, मी बसलो तशी ती बसली... आणि मी ऐकून घ्यायचे."

गोपीनाथांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मयूरने दोन तास खपून डबा बसवला. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा लागली. त्या आवाजासाठी अख्खं घर सहा महिने झुरलं होतं. पण कुणी बाहेर आलं नाही. त्याने हात धुतले, किल्ली खिडकीत ठेवली आणि गेला.

तीन दिवस गोपीनाथ मुलीशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी डाव्या हाताने तिला जवळ बोलावलं.

"मना वाटलं... माझाच पायगुण." प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता. "रोज वाटायचं. सांगाचं व्हतं, बाय."

"चुकलं माझं." आता मात्र ती रडली, अगदी लहानपणी रडायची तशी, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून. त्यांनी थोपटलं नाही, पण हातही काढून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आईकडं जाव. सप्तमी गेली... तं गेली. ऐतवारी. गारी चालवल कोन?"

तिने डोळे पुसले. "मयूरला विचारते."

"राग गेला त्याचा?"

"नाही गेला." ती थांबली. मग वाटलं, ह्या घरात आता काही झाकून ठेवायचं नाही. "पण बाबा, मला तो आवडतो. रागासकट आवडतो."

गोपीनाथ म्हणाले, "मंग ह्ये मना कनाला सांगतस? त्याला सांग."

तिने गच्चीवर जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"रविवारी सकाळी सहाला या," ती म्हणाली. "एकवीरेला जायचंय. गाडी तुम्ही चालवायची."

"येतो." मग जरा अडखळून, "ड्रायव्हर म्हणून येतो. दुसरं काही मनात नाही माझ्या, तुम्ही..."

"आणि तुमच्या आईंना घेऊन या."

"आईला? तिला कशाला त्रास..."

"मयूर, ऐका जरा." तिने गच्चीचा कठडा धरला. "एकवीरा आईच्या वाटेवर बाबा आमच्या गाडीत परकं माणूस बसवत नाहीत. कधीच बसवलं नाही."

पलीकडे शेडमधला पत्रा वाऱ्याने वाजत असलेला तिला ऐकू आला.

"म्हणजे मी... आणि आई..." तो कसाबसा म्हणाला.

"तेच सांगतेय," निशिगंधा म्हणाली.