रविवारच्या टाळ्या

बंजारा हिल्सच्या उतारावरच्या त्या क्लबात दर रविवारी दुपारी चारला जॅझ असायचं. आठवडाभर मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची आणि रविवारी तिथल्या साउंड मिक्सरवर बसायची. पुण्याहून येऊन सहा वर्षं झाली होती. या शहरात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, भगवंतराव.

ते बाहत्तर वर्षांचे. अबिड्सच्या हॉटेलात पियानो वाजवण्यापासून सुरुवात, मग तेलुगू सिनेमाची गाणी, मग स्वतःचा स्टुडिओ. शहरातल्या निम्म्या वादकांच्या पहिल्या रेकॉर्ड त्यांनीच काढलेल्या. बरकतपुऱ्यात एकटेच राहायचे आणि रविवारी क्लबात कीबोर्ड वाजवायचे. एक दिवस म्हणाले, "पोरी, एक शेवटची लाइव्ह रेकॉर्ड काढू. तीन रविवार. पुढं ही बोटं माझं ऐकणार नाहीत."

पहिल्या रविवारी तिसरी धून अर्ध्यावर आली आणि भगवंतरावांची पाळी आली. जॅझमध्ये एकेक जण पाळीनं पुढे होतो, सुचेल ते वाजवतो, बाकीचे हलका ठेका धरून राहतात. त्याचं संपलं की लोक टाळ्या देतात. भगवंतरावांनी हात उचलले, ते तसेच हवेत राहिले. ड्रम चालू, बास चालू, कीबोर्ड गप्प. मी वायर बघितली, हेडफोन बदलले. आवाज आला की पेटणारे मिक्सरवरचे कीबोर्डचे हिरवे दिवे विझलेले होते. अशी दोन मिनिटं गेली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले, आणि साठ-सत्तर माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली.

लोक म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेतायत, असं मला वाटलं.

नंतर सामान आवरताना ड्रम वाजवणारा संदेश म्हणाला, "सरनी आज जान काढली यार. असा सोलो मी जन्मात ऐकला नाही."

"संदेश, ते वाजवत नव्हते."

"मस्करी नक्को करू." तो हसला, आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून एक ओळ गुणगुणला. वाकडी, सुंदर ओळ होती. कुठून वर चढली आणि कुठे उतरली, कळलंच नाही.

भगवंतराव मागे उभे होते. "हे काय आहे?"

"सर, तुमचंच तर. आत्ताचं."

"माझं नाही हे," ते म्हणाले. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

मी त्यांना गाडीनं घरी सोडत होते. नारायणगुड्याच्या सिग्नलला त्यांनी विचारलं,

"तुला ऐकू आलं?"

"नाही, सर."

"हौ. मग मी येडा नाही झालो." त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. "डोकं कोरं झालं होतं, पोरी. पुढं काही सुचेना. आणि लोक डोलायला लागले."

घरी येऊन मी रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. ड्रम, बास, टाळ्या. मधे काही नाही. तो तुकडा पुण्याला शर्वरीला, माझ्या बहिणीला पाठवला. काय आहे ते सांगितलं नाही. दहा मिनिटांत तिचा मेसेज आला: 'पियानोवर कोण आहे गं? रडू आलं.'

दुसऱ्या रविवारी भगवंतराव पहिल्या धूनपासूनच थांबले. हात मांड्यांखाली घालून बसले. मुद्दाम, सगळ्यांना दिसावं म्हणून. वीस मिनिटं. पण त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांचे डोळे कीबोर्डच्या पट्ट्यांवर होते. डावीकडून उजवीकडे सरकत होते, मधेच झटकन परत येत होते. सगळ्यांचे, एकदम.

भगवंतरावांनी स्टेजवरून माझ्याकडे बघितलं. गर्दीत हात सुटलेलं मूल बघतं, तसं.

तिसऱ्या रविवारी जायचं नाही, असं आम्ही ठरवलं. क्लब चालवणाऱ्या नीलिमाताईंना मी सकाळीच कळवलं, सरांना ताप आहे. दुपारी सरांच्या सोबतीला बरकतपुऱ्यात गेले. त्यांनी चहा केला. आम्ही स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी समोरासमोर बसलो. बाहेर ऊन होतं. कुणीतरी गच्चीवर गादी झोडपत होतं. बऱ्याच दिवसांनी ते हसले, जुन्या दिवसांतलं काहीबाही सांगत राहिले. मलाही हलकं वाटलं.

साडेपाचला फोन वाजला. नीलिमाताई.

"अगं तेजश्री, ताप आहे म्हणालीस, आणि सर तर चारच्या आधीच येऊन बसलेत. दीड तास झाला, उठत नाहीत. तुझं ऐकतात ते, जरा पाणी प्या म्हणावं."

"ताई, सर माझ्यासमोर बसलेत."

"काहीतरीच काय! थांब, ऐक."

मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. ड्रम. बास. त्यांच्या मधे ती पोकळी. गच्चीवरचा आवाज कधी थांबला होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भगवंतराव फोनवर वाकले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"वाजतंय," ते म्हणाले. "आता मला येतंय ऐकू."

"सर, बंद करू?"

"नको. किती छान वाजवतोय मी."

मी फोनकडेच बघत राहिले. टाळ्या सुरू झाल्या, खूप वेळ चालल्या, मग एकदम बंद पडल्या.

"थांब हं," नीलिमाताई हळू आवाजात म्हणाल्या. "माइक घेतलाय त्यांनी. तुझं नाव घेतायत."

मी फोनचा आवाज वाढवला.

"तेजश्री," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला. "ते विचारतायत, तू त्यांच्या घरी कुणाजवळ बसली आहेस?"

मी मान वर केली नाही. समोर कपात चमचा फिरत होता.

तो थांबला.