कुंडीचं वजन

दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळे आत्या गेल्यावर तिचं मोठ्या चिरलेल्या पानांचं मॉन्स्टेराचं झाड घरी आणलं, तेव्हा त्यालाही काट्यावरच ठेवलं. थंडीत अशी झाडं जास्तीच्या पाण्याने मरतात. रोज सकाळी कुंडी तोलायची, हलकी झाली तरच कोमट पाणी द्यायचं.

झाडाची दशा बघवत नव्हती. आत्याच्या बंद घरात तीन महिने ते एकटं होतं. चाळीस वर्षांचं खोड मऊ पडलेलं, पानं दोनच, तीही पिवळी. वाळलेला शेंडा छाटला, कुजकी मुळं कापली, कापांवर कोळशाची पूड लावली, भुसभुशीत माती भरली आणि वारा न लागणाऱ्या खिडकीशी कुंडी ठेवली.

दादा दारातूनच म्हणाला, "मेलंय ते. फेकून दे."

"आत्याला बघायला दोन वर्षांत एकदाही आला नाहीस. आता झाडाचं निदान करतोस?"

"अगं, वेळ कुठे होता मला?"

आई गेल्यावर आम्हा दोघांना आत्यानेच वाढवलं होतं. तिचं एवढंच काय ते जिवंत उरलं होतं. "हे जगणार," मी म्हटलं. "तू बघच."

आत्या म्हणायची, "ह्याला पाणी फार नको, सोबत लागते." म्हणून मी माझी आरामखुर्ची कुंडीशेजारी ओढली. पेपर तिथेच वाचायचा, दुपारची डुलकीही तिथेच.

आठवड्यात कुंडी दोनशे ग्रॅमने वाढली. पाण्याचा थेंब दिला नव्हता. मातीत बोट खुपसलं तर ती कोरडी ठणठणीत. कपाटातली प्रमाणित वजनं काढून काटा तपासला. काटा चोख होता.

महिन्याने कुंडी दोन किलोने जड झाली. खोड टणक झालं, टोकाला नव्या पानाची हिरवी सुरळी दिसली. माझ्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

शेवटी मीच काट्यावर उभी राहिले. झाड आणलं त्या दिवशीचं माझं वजनही सवयीने वहीत टिपलेलं होतं. कुंडीत जेवढं वाढलं होतं, तेवढंच माझ्यात घटलं होतं. ग्रॅमला ग्रॅम.

चार दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. माझं वजन जागच्या जागी राहिलं. सुरळीचं टोक काळं पडलं.

तेव्हा आत्या आठवली. जन्मभर काडी. शेवटी तर नर्स तिला एका हाताने उचलायची. आणि खाटेशेजारचं हे झाड तेव्हा छताला टेकलेलं.

आधी भीती वाटली. मग राग आला. तिने एवढं दिलं आणि मी चार दिवसांत शेपूट घालायचं? मी खुर्चीत जाऊन बसले.

"घे," मी झाडाला म्हटलं. "पण मरायचं नाही."

दोन घास जास्त जेवू लागले. काटा दाद देईना. चोपन्न किलो. एक्कावन्न. सत्तेचाळीस.

एका रविवारी दादा आला. मला बघून दचकला.

"काय अवतार केलायस? ते झाड आजच टाकतो मी."

त्याने कुंडीला हात घातला. वीतभर उचलली आणि पाठ धरून माझ्याच खुर्चीत बसला. चहा प्यायला. तिथेच पेंगला. संध्याकाळपर्यंत घोरत होता.

मी त्याला उठवलं नाही.

सकाळी कुंडी तोलली. दोनशे दहा ग्रॅम जास्त.

मी काट्यावर उभी राहिले. सत्तेचाळीस. कालच्याइतकंच.

नवं पान पूर्ण उलगडलं होतं.

दुपारी दादाचा फोन आला. "तुझ्याकडे बसून आलो ना, आज कसं हलकं हलकं वाटतंय. पाठसुद्धा दुखत नाही."

"मग येत जा की दर रविवारी," मी म्हटलं. "खुर्ची तुझीच. वेळ आहे ना आता?"

"आता काय," दादा हसला, "वेळच वेळ आहे."