कोरं पाणी

आमच्या तळघरात मातीचा कण नव्हता, आणि भाजी मात्र टेम्पो भरून निघायची. लोकांना हे पटायचं नाही. दर वेळी कुणीतरी पाइपाचं झाकण उचलून आत बोट घालायचं, आणि मी त्याच्यावर खेकसायची.

दिव्यांखालच्या पाइपांतून पाणी फिरायचं, पाण्यात खत विरघळलेलं, आणि लेट्यूसची मुळं त्यात लोंबत असायची. फिरून फिरून सगळं पाणी एका टाकीत यायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. टाकी काळी होती, घट्ट झाकणाची, कारण पाण्याला उजेड लागला की शेवाळ धरतं. ती इतकी मोठी होती की तळघराचं दार बसवण्याआधीच आत आणून ठेवावी लागली. रोज सकाळी मी तिथे दोन गोष्टी बघायची, पाणी किती उतरलं आणि त्याची ताकद किती आहे. ताकद मोजायचा छोटा मीटर टाकीतच लटकवलेला असे. पाणी उतरलं आणि मीटर चढला, तर झाडं नुसतंच पाणी प्यायलीत, त्यांना तहान लागलीय. मग कोरं पाणी घालायचं. पाणी आहे तेवढंच आणि मीटर उतरला, तर त्यांनी खत खाल्लंय, त्यांना भूक लागलीय. मग खत घालायचं.

"ताई, आज काय?" वरून कुणीतरी विचारायचं.

"तहान," मी म्हणायची, आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

खताचे डबे दोन, एक लाल झाकणाचा, एक निळ्या. दोन्ही लागतात, पण थेट एकमेकांत ओतले तर दूध नासावं तसं पांढरं फुटतं आणि सगळं फेकून द्यावं लागतं. आधी भरपूर पाणी, त्यात लाल, मग ढवळायचं, मग निळं. माझ्या दोन्ही धाकट्या भावांची टोपणनावं मी त्यावरूनच ठेवली. थोरला लाल्या पंप आणि पाइप सांभाळायचा. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असे. धाकटा निळ्या भाजी विकायचा. त्याचे हात कधी चालले नाहीत, पण जीभ अशी चालायची की समोरच्याचे हात शिवशिवावेत. आई-बाबा लवकर गेले. दोघांना मी वाढवलं, आणि दोघांच्या मध्ये उभं राहायचं काम तेव्हापासून माझं.

"ताई म्हणजे आमचं पाणी," निळ्या म्हणायचा. ते ऐकून मला बरं वाटायचं. दोघं धडधाकट राहावेत, याच्यापलीकडे मी आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं.

एका सकाळी निळ्या टाकीचं झाकण उघडंच टाकून गेला. लाल्याने त्याला खाली बोलावून फैलावर घेतलं.

"शेवाळ धरेल, अक्कल आहे का?"

"उजेडाने धरतं ना? मग तुझ्या डोक्यात कसं धरलं? तिथे तर कधी उजेड पडलाच नाही."

एरवी लाल्या शिवी हासडून हसला असता. त्या दिवशी त्याने निळ्याची मान पकडली आणि त्याचं तोंड टाकीच्या काठावर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला पंपाच्या घरघरीतूनही ऐकू आला. त्याने दुसऱ्यांदा आपटायला मान मागे घेतली तेव्हा मी मध्ये घुसले. त्याचं कोपर माझ्या दातांवर बसलं. निळ्या काठावर ओणवा होता आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार सरळ पाण्यात पडत होती.

बाहेरचं काही टाकीत पडलं तर टाकी रिकामी करायची, हा नियम माझाच. पण तेवढं पाणी ओतून द्यायचं माझ्या जिवावर आलं. ओंजळभर रक्त, टाकीभर पाणी, काय होतंय? मी झाकण लावलं आणि निळ्याला घेऊन दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी टाकीवरच्या खुणेच्या रेषेवर होतं आणि मीटर निम्म्यावर आला होता. एका रात्रीत इतकं खत कुठलीही भाजी खात नाही. मीटर बिघडला असेल म्हणून मी तो तपासायच्या द्रावणात बुडवला, तिथे आकडा बरोबर आला. मग मी खत घातलं. संध्याकाळी आकडा पुन्हा खाली. पुन्हा घातलं. दोन्ही डबे तळाला गेले तरी आकडा काही चढेना.

भाजी मात्र अशी माजली की पाइपांची झाकणं उचलली गेली. पानं जाड झाली, शिरा तांबूस झाल्या. हॉटेलच्या आचाऱ्याचा फोन आला. "ताई, काय घालताय तरी काय? लोक ताटलीत सजावटीला ठेवलेलं पानसुद्धा सोडत नाहीत."

मी त्याला खत म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

मीटर अगदी तळाला गेला त्या दुपारी ते दोघं पुन्हा भिडले. कारण विचारलंत तर मला सांगता येणार नाही, त्यांनाही सांगता आलं नाही. मी वरून धावत आले तेव्हा निळ्या, ज्याने जन्मात कुणाला चापट मारली नव्हती, तो लाल्याच्या पाठीवर बसला होता आणि त्याचा कान दातांत धरून ओढत होता. मी त्याचे केस धरून मागे खेचलं. कान त्याच्याबरोबर आला, म्हणजे निम्मा. तोंडातला तुकडा त्याने टाकीत थुंकला आणि मग शुद्धीवर आल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या तोंडात काय आहे?"

तुकडा शिवता येईल म्हणून मी पंपाची जाळी काढली, टाकीत खांद्यापर्यंत हात घालून काठीने तळ चाचपला. पाणी कोमट होतं. तुकडा मिळाला नाही. हात बाहेर काढताना मीटरवर नजर गेली. आकडा चढून जागच्या जागी आला होता.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास आकड्यावर आहे, आणि म्हणूनच मला दरदरून घाम फुटला. मला वाटत होतं की हे भांडतात आणि मग मीटरला काहीतरी होतं. पण क्रम उलटा होता. पहिलं भांडण सोडलं तर आधी मीटर उतरला होता, आणि मग हे भिडले होते.

मी निळ्याला परगावच्या गिऱ्हाइकांकडे पाठवून दिलं आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस म्हणून बजावलं. दोन डबे लांब ठेवले की फुटायचा प्रश्नच नाही, असा माझा हिशेब. घर शांत झालं. मीटर रोज थोडा थोडा उतरत राहिला. मी खत ओतत राहिले आणि वरवर लाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. त्याच्या कानाची पट्टी सुटली होती.

मग पंप अडखळायला लागला, म्हणून पंपवाल्याला बोलावलं. पंपवाला आमच्याकडे पहिल्यापासून येणारा, बडबड्या माणूस. त्याने बटण बंद केलं, झाकण खोललं आणि आत हात घातला.

"ताई, मुळं अडकलीत हो पात्यात. केवढी ही! आणि गरम लागतायत हाताला."

लाल्या भिंतीपाशी उभा होता. त्याने बटणाकडे बघितलं. मग पंपवाल्याच्या हाताकडे बघितलं. मग बटण दाबलं.

ती किंकाळी रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू गेली. हात बाहेर आला तेव्हा मधली दोन बोटं नव्हती, आणि पाइपांतून जाणारं पाणी गुलाबी दिसत होतं. दोन-चार मिनिटांत ते पुन्हा नितळ झालं. पंपवाल्याच्या हाताला टॉवेल गुंडाळताना मी मीटरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. आकडा जागेवर होता.

पंपवाला अपघातच समजला. त्याला आमच्यावर संशय घ्यावासा वाटला नाही, याची मला जास्त लाज वाटली.

"मी नाही दाबलं, ताई," लाल्या रडत होता. एवढा आडदांड माणूस, पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

"मी बघितलं रे."

"मग हाताने दाबलं असेल. मी नाही."

मी त्याला जवळ घेतलं. मला फार भीती वाटत होती आणि त्याचा फार कळवळाही आला होता. टाकी रिकामी करायची, घासायची, दिव्याचा झोत लावून वाळवायची आणि धंदा बंद करायचा, हे मी तिथेच ठरवलं. पाइप उतरवायला माणसं हवीत म्हणून निळ्यालाही बोलावून घेतलं. मी मध्ये असल्यावर काय होतंय, असं मला वाटलं. सवय वाईट असते.

सकाळी मी बूच काढलं. पाणी जायला बराच वेळ लागला. शिडी लावून मी ब्रश, औषध आणि कात्री घेऊन टाकीत उतरले. इतक्या महिन्यांचा चिकट थर असेल, वास असेल, अशी तयारी होती. तळ लख्ख होता. जेवून चाटून पुसलेल्या ताटासारखा. कानाचा तुकडा नाही, बोटं नाहीत, नखसुद्धा नाही.

फक्त मुळं होती. परतीच्या पाइपातून ती टाकीत उतरली होती, मनगटाएवढी जाड, पांढरी. पाणी गेलं की मुळं गळून भिंतीला चिकटतात. ही गळली नव्हती. मी सरकले की त्यांची टोकं माझ्या बाजूला वळायची.

मी पहिलं मूळ कापलं.

"ताई, बाहेर ये."

मी वर बघितलं. काठावरून दोघं वाकून बघत होते, खांद्याला खांदा लावून. दोघं एकदम बोलले होते. जन्मात कधी या दोघांच्या तोंडून एक वाक्य एका वेळी निघालं नव्हतं.

"तिला उपाशी ठेवू नकोस," दोघं म्हणाले.

"कुणाला?"

मी दुसरं मूळ कापलं.

लाल्या शिडी न वापरता खाली उतरला. त्याने माझे केस मुठीत धरले आणि डोकं भिंतीवर आदळलं. टाकी घुमली.

"लाल्या, मी आहे रे. ताई आहे."

त्याने पुन्हा आदळलं.

मग वरून निळ्याने उडी टाकली. त्याच्या हातात पाइप आवळायचा मोठा पाना होता. तो माझ्यावर उगारला होता की लाल्यावर, हे मला अजून माहीत नाही.

मी हात मध्ये घातला.

मनगट मोडलं. पाना तिथे थांबला नाही.

लाल्याने माझे केस सोडले. तो गुडघ्यांवर बसला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुढे कलंडला.

निळ्याने त्याचं डोकं दोन्ही हातांनी उचललं. मला वाटलं, कुशीत घेतोय.

त्याने ते तळावर आपटलं.

मग आवाज थांबला. मी लाल्याशेजारी बसले होते आणि माझे कपडे कोरडे होते. त्याच्या डोक्याला हात जाईल एवढी भेग होती, आणि तळ तसाच लख्ख होता.

शिडीवरून पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं. माझं मनगट त्याला धरताना मोडलं, असंही सांगितलं. एक गेला होता, दुसरा तरी राहावा. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही जागा धुतलीत का?"

"नाही."

"मग रक्त कुठे गेलं?"

मी मान हलवली. कागद भरताना ते माझ्या हातांकडे बघत होते.

भाजी आम्ही उपटून जाळली. पाइप भंगारात गेले. टाकी तेवढी राहिली, कारण ती दारातून बाहेर निघेना. मी तिचा नळ तोडून टाकला, बूच काढून ठेवलं, झाकण लावलं आणि तळघराला कुलूप घातलं. निळ्याची जीभ थंडावली. तो आणि मी एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलायला लागलो. "घे ना", "राहू दे", "तू जेव आधी". त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही म्हणतो, आणि मी आठवण करून दिली नाही. तो जिवंत आहे, जेवतो, झोपतो, मला पुरे होतं.

आज सकाळी मी जिन्याखालचा झाडू काढायला गेले तर तळघराचं कुलूप उघडं होतं. आत पंपाचा आवाज नाही, पाइप नाहीत, नुसतं रिकामं तळघर. मी झाकण उचललं.

टाकी रेषेपर्यंत भरली होती. बूच नव्हतं, नळ नव्हता, आणि पाणी एवढं नितळ की तळ हाताशी वाटावा. जुना मीटर आत लटकत होता. त्यावर शून्य होतं. नळाच्या पाण्यातही थोडी ताकद असते, पावसाच्या पाण्यातही असते. इतकी वर्षं मी तो मीटर वाचला, पण शून्य कधी बघितलं नव्हतं.

मी झाकण लावून वर आले. निळ्याला आजच्या आज इथून न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. त्याचे कपडे पिशवीत भरले, माझे भरले, अंगावरचा ॲप्रनही काढला नाही. त्याला हाक मारली. तो खोलीत नव्हता.

"ताई," खालून त्याचा आवाज आला. मोकळा, पूर्वीसारखा, थट्टेच्या सुरातला. "जरा खाली ये गं. मीटर बघायचाय. आज काय?"

निळ्याला मीटर वाचता येत नाही. त्याने तो कधी हातातही धरला नव्हता.

"आले," मी म्हणाले.

प्लास्टरमधून नुकताच सुटलेला हात ॲप्रनच्या खिशात होता. आत कात्री होती. ती मी घेतल्याचं मला आठवत नाही, पण माझी बोटं तिच्या मुठीत नीट बसलेली होती.