बाळा, घरी चल

यादव लेकराची दुधाची पावडर आणायला बाहेर पडला, तिथून हे सगळं सुरू झालं. हसू नका. पावडर आणायला निघालेला माणूस घरी काय घेऊन येतो, ते ऐका आधी. आणि ते दार नुसतं लोटून ठेवू नका रे, कडी घाला.

यादव सातपूरच्या कारखान्यात माझ्याच पाळीला होता. थाप मारणं त्याला जमायचंच नाही. रजा हवी असली तरी खरं कारण सांगून बसायचा. एक्क्याऐंशी साली कंपनीनं त्याला नव्या मशीनचं काम शिकायला जर्मनीला धाडलं, तेही बायको-लेकरासकट. आम्ही त्र्यंबकच्या पुढं न गेलेली माणसं, जळून नुसते कोळसा झालो. नाताळात तिकडं कारखाने बंद असतात. म्हणून तिघं न्यूरेंबर्ग नावाच्या शहरात नाताळचा बाजार बघायला गेले.

लेकरू आठ महिन्यांचं. तिसरं. आधीची दोन्ही लेकरं वर्षाची व्हायच्या आत गेलेली. म्हणून यादवच्या आईनं, सगुणाबाईनं, बारशालाच बजावलं होतं, "कानात नाव सांगितलं, झालं. आता वर्षाचा होईस्तोवर कोणी नाव घ्यायचं नाय. ऐकणारे कान लय असतात." तेव्हापासून सगळे त्याला बाळ म्हणत. यादवची बायको लता तर ते नाव मनातसुद्धा घ्यायला भ्यायची.

चोवीस डिसेंबरची दुपार. यादवनं गल्ल्या पालथ्या घातल्या, पण नाताळची आदली दुपार म्हणून दुकानं लवकरच बंद झालेली, ती दोन दिवस उघडणार नव्हती. बाजार दिव्यांनी भरलेला, आणि भुकेल्या पोराचा बाप त्यातून रिकाम्या हातानं परत आला. त्यांनी जिच्या घरी खोली घेतली होती, ती एक विधवा म्हातारी. तिनं रडणारं बाळ पाहिलं, दूध तापवून दिलं आणि माळ्यावरून एक लाकडी पाळणा खाली आणला. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात माझं मूल याच खोलीत थंडीनं गेलं. नाताळच्याच रात्री. मग डोळे पुसत खाली निघून गेली.

लताला तो पाळणा नको होता. पण जिनं लेकराच्या पोटात दूध घातलं, तिचं मन कसं मोडायचं? तिनं बाळाला त्यात निजवलं.

मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजल्या आणि यादवला जाग आली. बाळाला लतानं केव्हाच पाळण्यातून काढून कुशीत घेतलेलं होतं. दोघंही गाढ झोपलेली. आणि पाळणा हलत होता. हळू... अगदी आई हलवते तसा. लताचा पाय लागला असेल, असं म्हणत यादवनं कूस बदलली. लताचे पाय तर पांघरुणात होते.

सव्वीसला ते निघाले. आपल्याकडं परक्या घरून निघताना लेकराला हाक मारतात, ठाऊक आहे ना? लेकराचा जीव मागं घुटमळू नये म्हणून. ती हाक नाव घेऊन मारायची असते. लता उंबऱ्यात थांबली, खोलीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "चल रे बाळा. घरी चल. मागं राहू नको."

जिन्यात तिला दम लागला. "अहो, आज लय जड लागतोय हा."

त्या दिवसापासून पोर रडेना. हसेना. दूध तोंडात घेई आणि तसंच ओठांतून सोडून देई. अंग गार, डोळे उघडे. तिकडच्या डॉक्टरांनी तपासलं, नाशिकला परतल्यावर इथल्यांनी तपासलं. सगळे म्हणाले, दोष काही सापडत नाही. यादव चांदवडच्या देवीला नवस बोलून आला. लेकरू रोज थोडं थोडं संपत होतं, आणि दोन लेकरं पुरलेला तो बाप कामावर येऊन मशीनपुढं नुसता उभा राहायचा. बघवत नव्हतं हो.

बारा जानेवारी, मंगळवारची रात्र. सगुणाबाई सायखेड्याहून आलेली होती. लेकराच्या कपाळावर हात ठेवून तिनं विचारलं, "तिथून निघताना हाक मारली होती का, लता?"

"मारली ना, आत्या."

"काय म्हणून?"

"बाळा म्हणून. तुम्हीच म्हणाला होता, नाव..."

म्हातारी मटकन खाली बसली. "अगं... मग ज्यानं ऐकली तो आला. आपला तिथंच राहिला."

यादवला तो पाळणा आठवला.

"नाव घे," सगुणाबाई म्हणाली. "उंबऱ्यात उभी राहा अन् तुझ्या लेकराला नावानं बोलाव."

"आणि ते नाव त्या काळानं ऐकलं तर? दोन गेलीत, आत्या!"

"हा बी चाललाय. बघ त्याच्याकडं."

यादवनं दार उघडलं. बाहेर अंधार. थंडी. लता उभी राहिली. दोन्ही हातांनी चौकट धरली. मग गळा फाडून ओरडली, "जयराम! घरी ये!"

काही नाही.

"जयराम!"

कॉलनीतली कुत्री गप्प झाली. सगळी. एकदम.

"जयराम... ये रे माझ्या राजा... आई इथं आहे..."

गार वारा तिच्या अंगावरून आत गेला. आणि आत पोर रडलं. कोकलून, भुकेजलेलं, जितंजागतं रडलं. यादव भिंतीला डोकं टेकून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

जयराम लताच्या मांडीवर बाटलीनं चुरूचुरू दूध पीत होता, तेव्हा सगुणाबाई हळूच म्हणाली, "आता त्या दुसऱ्याला जा म्हण."

लतानं जयरामला आणखी जवळ घेतलं.

"कुठं जाईल तो, आत्या? एवढ्या लांब? त्याला बी मीच बोलावलं ना."

"लता..."

"मी नाय म्हणणार."

पहाटे यादवला जाग आली. खाली गादीवर लता निजलेली, उजव्या कुशीत जयराम. गरम. घोरत होता. डाव्या बाजूला कोणी नव्हतं. तिथं गादीत एक लहानसा खळगा होता. यादवनं हात लावला... आणि झटकन मागं घेतला.

लतानं डोळे न उघडताच गोधडी ओढली. आधी उजवीकडं. मग डावीकडं.

डावीकडची गोधडी खाली बसली नाही.