फितीवरची फुंकर

बेलेम शहराच्या दमट हवेत पितळेला फार लवकर हिरवा गंज चढतो. म्हणून बंद पडलेल्या खेळयंत्रातून काढलेला जोड, म्हणजे फीत खोचायची खाच, लोरिवालकाकांनी आणून दिला, तेव्हा त्याची एकेक पत्ती मी आधी स्पिरिटने पुसली. त्या जोडाभोवती फीत वाचणारे यंत्र उभारायचे उरलेले काम अवघड नव्हते. मी तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. व्हिडिओ गेमची जुनी फीत (कार्ट्रिजला आमच्याकडे सगळे फीतच म्हणतात) जोडात खोचायची आणि तिच्या स्मृतीत जे असेल ते संगणकाच्या पडद्यावर उतरवायचे, एवढेच या यंत्राकडून अपेक्षित होते.

ते आईसाठी होते. माझा थोरला भाऊ एडिलसन सत्तावीस वर्षांपूर्वी कालव्याकाठी ठेचून मारलेला सापडला. मारणारा सापडला नाही. त्याच्या शर्टाच्या आत ही फीत होती, मुष्टियुद्धाच्या खेळाची. त्या खेळात त्याने अगदी स्वतःसारखा दिसणारा खेळाडू घडवून साठवून ठेवला होता. आईकडे त्याचा एकही धड फोटो नाही.

फीत लोरिवालकाकांच्या दुकानातली. समोरच्या त्या दुकानात सारी गल्ली भाड्याने खेळ खेळे. एडिलसन गेल्यापासून दर शनिवारी ते आईला मासळी आणून देतात आणि तिच्या कोणत्याही शब्दाला नाही म्हणत नाहीत.

साठवलेले टिकवून धरणारी फितीतली बटण-विजेरी मी मापकावर तपासली. काटा शून्यावर.

"आई, आत काही उरलेलं नसणार."

"बघ तर खरं, पोरी."

पडदा कोराच राहिला.

"फुंक मार की," काका म्हणाले. "एवढी शिकलीस आणि फीत फुंकायला विसरलीस?"

"थुंकीनं गंज चढतो, काका."

"अख्ख्या बेलेमनं फुंकून खेळ खेळले. बेलेम गंजलं का?"

त्यांनी फीत माझ्या हातून घेतली, दुकानाच्या फळीमागे उभे राहून फुंकत तशी सवयीने फुंकली आणि जोडात दाबली.

पडद्यावर एडिलसन आला. मोठमोठ्या चौकोनांचा, पण तोच. तुटकी भुवई, रुंद नाक. त्याच्यासमोर एक पाठमोरा प्रतिस्पर्धी. आईने काचेवर बोट टेकवले.

दोन वाचने तंतोतंत जुळल्याखेरीज मी कशावर विश्वास ठेवत नाही. म्हणून फीत काढून पुन्हा खोचली. पुन्हा काहीच नाही. माझ्या फुंकेनेही नाही. काकांनी फुंकताच चित्र उमटले. या खेपेस एडिलसनचा डावा डोळा सुजून मिटलेला होता.

यंत्र चुकून फितीवर काही लिहीत असेल, या शंकेने मी लिहिण्याची तारच कापली. आता ते केवळ वाचू शकत होते.

"पुन्हा फुंक, लोरिवाल," आई म्हणाली.

जबडा एका बाजूला सरकलेला.

"पुन्हा."

उजव्या हाताची बोटे उलटी वळलेली.

शवचिकित्सेचा अहवाल घरात फक्त मी वाचला आहे. घाव कोणत्या क्रमाने बसले असावेत, याचा अंदाज डॉक्टरांनी त्यात नोंदवला होता. डोळा, जबडा, बोटे. शेवटचा घाव मी आईला किंवा आणखी कोणालाही कधीच सांगितला नाही.

"वहिनी, पुरे आता," काका म्हणाले. त्यांची हनुवटी घामाने ओली होती. "यंत्र बिघडलंय हिचं."

"एकदाच."

त्यांनी फुंकली. फीत जोडात गेली. पडदा अजून कोरा होता.

"आता डोकं," ते पुटपुटले.

मग चित्र आले. एडिलसन पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू उघडी, आणि तिच्यातून लाल चौकोन एकेक करून खाली सरकत होते.

पाऊस पत्र्यावर आला. आईने वळून पाहिले.

"तुला आधीच कसं कळलं, लोरिवाल?"

त्याने हनुवटीवरचा घाम पुसला.

आईने फीत काढून ओंजळीत घेतली. लहानपणी आमचा गुडघा फुटला की ती जशी फुंकर घाली, तशीच तिने घातली. हलकी, लांब. फीत परत खोचली.

एडिलसन उठून बसला होता. डावा डोळा स्वच्छ, उघडा. पाठमोरा माणूस पडद्यावर नव्हता.

माझ्या शेजारी पिकलेला आंबा मोटारीच्या टपावर पडावा तसा आवाज झाला. लोरिवालने डावा डोळा हाताने दाबला होता आणि बोटांमधून रक्त येत होते. त्याच्याजवळ कोणी गेले नव्हते. मी तिथेच होते.

आईने पुन्हा फुंकर घातली.

तो दाराकडे धावला. अर्ध्या वाटेत त्याचा जबडा सरकला. हाडाचा आवाज पावसातही ऐकू आला.

पुन्हा.

कडीवर ठेवलेली त्याची बोटे एकामागून एक मागे वळली.

तो खाली बसला. बोलता येत नव्हते. डाव्या हाताने त्याने यंत्राच्या तारेकडे बोट दाखवले आणि माझ्याकडे पाहिले. तार माझ्या हाताशी होती. उपटायला क्षणही लागला नसता.

पडद्यावर एडिलसन उभा होता, फक्त मान पुढे झुकलेली.

"एकच राहिलीय," आई म्हणाली. फीत तिच्या ओठांजवळ होती. "पोरी, यंत्र चालू आहे ना?"

मी तिच्या हातातल्या फितीच्या विजेरीला मापक लावला. काटा शून्यावर होता.

"चालू आहे, आई," मी म्हणाले.